रविवारचं बेट

चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला एक चिंचोळी खोली होती. तिथे मशीनवर काचा घासून त्या फ्रेममध्ये बसवायचं काम जिच्याकडे होतं, तिला दुकानातले सगळे काचताई म्हणत. पुढे काउंटरवर गिऱ्हाइकं येत, आरशात बघून नाकं मुरडत, दहा फ्रेमा चढवून अकरावी मागत. काचताईपर्यंत त्यातलं कोणी पोचत नसे. तिच्याकडे यायची ती नंबर लिहिलेली चिठ्ठी आणि रिकामी फ्रेम. दिवसभर तिच्याशी बोलणारं म्हणजे ते घासायचं मशीन, आणि तेही एकच सूर धरून.

घरीही तीच गत. एक खोली, खोलीला लागून ओटा, खिडकीजवळ टेबल आणि टेबलावर जुना कंप्यूटर. कुलूप उघडून आत आल्यावर "आलीस का?" असं विचारणारं कोणी नव्हतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत होतं.

तिची लेक खारू. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर. लहानपणी एका जागी म्हणून टिकायची नाही, खुर्चीवरून टेबलावर, टेबलावरून खिडकीत, म्हणून घरात खारूताई आणि पुढे त्याचंच खारू. आईबाप वेगळे झाले तेव्हा आदळआपट, आरडाओरडा काही झालं नव्हतं. दोरी कुजून तुटावी तसं ते तुटलं. खारूच्या बाबांना दुसऱ्या शहरात नोकरी लागली. तिथे शाळा चांगली, घरात खारूला वेगळी खोली, शाळेतून आल्यावर दार उघडायला आजी. इकडे एक खोली, आणि आई घरी पोचायची दिवेलागणीला. "तू म्हणशील तसं," खारू म्हणाली होती, आणि काचताईनेच तिला सांगितलं होतं, "जा. तिथे तुझं बरं होईल." सांगताना छातीवर दगड ठेवला होता. तो उतरवून ठेवायला अजून जागा सापडली नव्हती.

जायच्या आदल्या दिवशी खारूने त्या जुन्या कंप्यूटरवर एक खेळ घालून दिला. खेळात एक बेट होतं. लाकडं तोडायची, दगड फोडायचे, घर बांधायचं. मारामारी नाही की काही नाही. कानाला हेडफोन लावला की दोघींना एकमेकींचं बोलणं ऐकू यायचं आणि पडद्यावर दोघींची दोन माणसं शेजारीशेजारी फिरायची. लेकीच्या माणसाच्या डोक्यावर नाव असायचं 'खार'. आईच्या डोक्यावर लेकीने लिहून टाकलं होतं 'कासव'.

"आई, ते बटण दाबून ठेव ना. पळता येतं त्याने."

"मला नाही पळायचं. बघू दे की जरा आजूबाजूला."

"आजूबाजूला झाडंच आहेत गं!"

"मग झाडं बघते."

दर रविवारी दुपारी दोघी बेटावर भेटायच्या. बांधकाम हे आपलं निमित्त. फोनवर खारू 'हो', 'नाही', 'ठीक' याच्यापुढे जायची नाही. हातात कुऱ्हाड आली की मात्र तिची जीभ सुटायची. गणिताच्या बाई कशा बोलतात, कोणाचं कोणाशी फाटलं, आजी कशी टीव्हीसमोर बसल्याबसल्या घोरते आणि उठवलं की "मी जागीच होते" म्हणते, सगळं लाकडं तोडतातोडता बाहेर पडायचं. काचताई हळूहळू दगड रचायची आणि ऐकायची. त्या दोन तासांच्या शिदोरीवर तिचा अख्खा आठवडा निघायचा.

अशाच एका रविवारी खारू म्हणाली, "आई, खेळाची नवी आवृत्ती आलीये. पाऊस खरा वाटतो म्हणे. पाण्यात आपलं तोंड दिसतं. माझ्या वर्गातले सगळे तिकडेच जाणारेत. आणि हे जुनं बेट महिनाअखेरीला बंदच करणारेत. तुझं मशीन चालेल ना त्याला?"

"चालेल की. न चालायला काय धाड भरलीय त्याला?"

"नाही, म्हणजे बाबा म्हणत होते, हवं तर तुला नवीन घेऊन—"

"काही नको. आहे ते चांगलं धडधाकट आहे."

शब्द तोंडातून सुटला तो सुटला. खारूचे बाबा वाईट मनाचे नव्हते, हेही तिला ठाऊक होतं. पण लेक त्यांच्या घरी, लेकीची शाळा त्यांच्या पैशातून, आणि आता लेकीला भेटायचं दारही त्यांनीच घेऊन द्यायचं? तेवढं एक तरी आपलं आपल्याला असावं, असं तिला वाटलं.

त्याच संध्याकाळी तिने नवी आवृत्ती उघडायला घेतली. पडद्यावर एक चौकोन आला. तुमचं ग्राफिक्स कार्ड या खेळाला चालणार नाही. खाली एकच बटण होतं, 'ठीक आहे' असं लिहिलेलं. ठीक काहीच नव्हतं, पण दाबायला दुसरं काही नव्हतं.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरची चित्रं काढणारा भाग, एवढं तिने वाचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुकान सुटल्यावर कंप्यूटरच्या मोठ्या दुकानात गेली. गळ्यात ओळखपत्र लटकवलेल्या विक्रेत्याने विचारलं, "मॅडम, बजेट किती?"

तिने सांगितलं.

तो हसला नाही, पण त्याला हसू आवरायला कष्ट पडले. "एवढ्यात खोकं येईल, मॅडम. आतलं कार्ड नाही येणार."

मग, आलीच आहे तर बघू दे म्हणून, त्याने एक कार्ड दाखवलं. त्याच्यावर लाल-निळे दिवे पळत होते.

"हे दिवे कशाला?"

"छान दिसतं."

"पण हे तर डब्याच्या आत बसवायचं ना?"

"डब्याला काच असते, मॅडम."

"माझ्या डब्याला पत्रा आहे," काचताई म्हणाली आणि बाहेर पडली. आयुष्यभर काचा घासल्या आणि नेमकी इथेच काच नव्हती.

मग जुन्या वस्तूंच्या जाहिराती आल्या. घर बदलणाऱ्या एका माणसाकडे कार्ड होतं. किंमत तिला झेपण्यासारखी होती, म्हणजे खोलीच्या भिंतींना रंग द्यायला बाजूला ठेवलेले पैसे त्यात जात होते. भिंती काय, पुढच्या वर्षीही भिंतीच राहतील. ती त्याच्या घरी गेली तेव्हा अर्धं सामान खोक्यांत भरलेलं होतं. त्याने आपल्या मशीनवर कार्ड चालवून दाखवलं. पडद्यावर घोडे दौडले, धूळ उडाली.

"बघा कसं पळतंय. लेकरासारखं जपलंय हो मी," तो म्हणाला.

कार्ड विटेएवढं होतं आणि विटेसारखंच जड. बसमध्ये ते मांडीवर घेऊन ती घरी आली.

रविवारी सकाळी बसवू, दुपारी बेटावर जाऊ, असा तिचा बेत. हाताला बारीक स्क्रूंची सवय होतीच. डब्याचा पत्रा काढला, आतली धूळ ब्रशने झटकली, जुनं बारीकसं कार्ड अलगद काढून रुमालात गुंडाळून खणात ठेवलं. नवं कार्ड आत घालायला गेली तर ते जाईना. तिरकं करून पाहिलं, उलटं करून पाहिलं. दोन बोटं लांब होतं. मध्ये डिस्क ठेवायचा लोखंडी पिंजरा आडवा येत होता.

दुपारी खारूचा फोन आला. "आई, येतेस ना?"

काचताई जमिनीवर बसली होती, मांडीवर पत्रा. "अगं, आज दुकानात मालाची मोजणी काढलीय."

"रविवारी?"

"मालकांच्या डोक्यात आलं. मी तरी काय करणार?"

"बरं," खारू म्हणाली.

तो पिंजरा काढायला पुढचे चार दिवस गेले. एका स्क्रूचे आटे गेलेले. दुकानातून बारीक कानस आणून ती रोज आल्याआल्या घासत बसे. दोन्ही तळहात सोलले. शेवटी पिंजरा सुटला, डिस्क तिने पुठ्ठ्याचा तुकडा घालून खाली टेकवली आणि कार्ड जागेवर बसलं. बसताना खट्ट असा आवाज झाला. इतका गोड आवाज तिने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

मग दिसलं, कार्डाच्या टोकाला विजेची दोन तोंडं होती, आणि डब्यातल्या वायरांच्या झुबक्यात त्या तोंडांत बसेल अशी एकही वायर नव्हती.

तिच्या रस्त्याच्या टोकाला एका जिन्याखाली रिपेरीवाला बसायचा. बोलायला तुसडा, पण हात चांगला अशी ख्याती होती. त्याच्या चष्म्याची एक काडी मोडली होती आणि ती त्याने काळ्या दोऱ्याने गुंडाळली होती. काचताईची नजर आधी तिथे गेली. मग तिने वायरीचं विचारलं.

"वायर नुसती मिळून काय करता? तुमच्या डब्यातला पॉवर सप्लाय एवढी वीज देणार नाही. अख्खा बदलावा लागेल."

"म्हणजे पुन्हा खर्च?"

"चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला," तो म्हणाला आणि फळीवरून एक जुना पॉवर सप्लाय काढून फुंकर मारून तिच्या पुढ्यात ठेवला. घासाघीस केल्यावर त्याने थोडे कमी केले, पण अशा चेहऱ्याने की जणू रक्त काढून देतोय.

पुढच्या रविवारी काचताईला सर्दी झाली. म्हणजे, खारूला तसं सांगितलं.

"आवाज तर बरा वाटतोय तुझा."

"सकाळी गोळी घेतली ना, म्हणून."

"अच्छा. मग थोडा वेळ जुन्याच बेटावर ये ना. नुसतं बसू."

"डोकं जड झालंय गं. पुढच्या वेळी नक्की."

"बरं."

फोन ठेवताना काचताईला ते 'बरं' जरा आखूड वाटलं. पण तिच्या पायाशी वायरांची मोळी पडली होती आणि कोणती कुठली हे एकदा विसरलं की संपलं. तिने डोकं पुन्हा डब्यात घातलं.

दिवेलागणीला मशीन सुरू झालं. पडदा उजळला. पण अक्षरं वीतभर मोठी, चित्र पडद्याबाहेर सांडलेलं. तिने घाईघाईने रिपेरीवाल्याला फोन लावला.

"ड्रायव्हर टाकला का?" त्याने विचारलं.

"ड्रायव्हर? गाडी आहे का ती?"

पलीकडे एक लांब उसासा. "ताई, कार्ड चालवायला सॉफ्टवेअर लागतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. बनवणाऱ्याच्या साइटवरून फुकट मिळतो."

तिने ड्रायव्हर टाकला. अक्षरं जागेवर आली. आनंदाने तिने स्वतःशीच टाळी वाजवली, आणि रिकाम्या खोलीत ती टाळी इतकी मोठी वाजली की तिची तिलाच लाज वाटली. मग खेळ सुरू केला. समुद्र दिसला, आभाळ दिसलं. आभाळात एक हिरवा ठिपका उमटला. मग जांभळा. बघताबघता सगळ्या पडद्यावर रंगीत ठिगळं पसरली, आणि फट्दिशी काळोख.

पुन्हा लावलं. पुन्हा समुद्र, पुन्हा ठिगळं, पुन्हा काळोख.

विकणाऱ्या माणसाने पहिल्या फोनला सांगितलं, "काढून परत घट्ट बसवा." दुसऱ्या फोनला म्हणाला, मीटिंगमध्ये आहे. त्यानंतर फोन नुसता वाजत राहिला. शेवटी अर्धा दिवस सुट्टी टाकून ती त्याच्या घरी गेली. दार सताड उघडं होतं. आत शिडीवर उभा राहून एक रंगारी छताला पांढरा रंग देत होता.

"इथले राहणारे?"

"गेले."

"कुठे गेले?"

"मला कुठलं सांगून जातायत, बाई? मी आलो तेव्हा एक झाडू तेवढा होता." त्याने खाली बघितलं. तिचा चेहरा पाहून की काय, शिडीवरून उतरला आणि पालथ्या पडलेल्या बादलीकडे बोट दाखवून म्हणाला, "बसा जरा. पाणी देऊ?"

ती बसली नाही. रस्त्यावर आल्यावर मात्र तिला वाटलं, बसायला हवं होतं. चार शब्द बोलायला हवे होते. अख्ख्या आठवड्यात "बसा" म्हणणारा तो एकटाच भेटला होता.

त्या रविवारी खारूचा फोन आला नाही. दुपार झाली, दुपार टळली. काय सबब सांगायची हे काचताईने ठरवून ठेवलं होतं, पाहुणे आलेत म्हणून. ती सांगावी लागली नाही म्हणून आधी तिला सुटल्यासारखं झालं. मग खिडकीतलं ऊन टेबलावरून खाली उतरलं, डब्याच्या उघड्या पोटात शिरलं, तिथून निघून गेलं, आणि फोन तसाच पडून राहिला. आपण लावावा का? लावून काय सांगणार? 'मशीन चालत नाही' म्हटलं की पुढचं वाक्य बाबांचं येणार. एकदा चालू होऊ दे, मग ऐटीत लावू. तिने फोन उपडा करून ठेवला.

सोमवारी ती कार्ड घेऊन पुन्हा जिन्याखाली गेली. रिपेरीवाल्याने ते उलटंपालटं केलं, नाकाजवळ नेऊन वास घेतला.

"मेमरी गेलीये. याच्याकडून रात्रंदिवस राबवून घेतलंय कोणीतरी."

"लेकरासारखं जपलं म्हणाला होता तो."

"असेल. लेकरांना राबवणारेही असतात." त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "पण एवढं दांडगं कार्ड हवंय कशाला तुम्हाला? काय करता त्याच्यावर?"

तिने सांगितलं. आधी नुसतं खेळाचं नाव सांगायला गेली, पण एकदा तोंड उघडल्यावर बेट, खार, कासव, महिनाअखेर, सगळंच बाहेर आलं. ऐकून झाल्यावर वाकून खालच्या खणातून त्याने एक कार्ड काढलं, तळहातावर मावेल एवढं.

"हे घ्या. गरीब आहे, पण तुमच्या खेळापुरतं बास आहे. वेगळी वायर लागत नाही."

"म्हणजे तो पॉवर सप्लाय?"

"नव्हता लागत."

"आणि तो पिंजरा मी काढला तो?"

"तोही नव्हता काढायला लागत."

काचताईने सोललेले तळहात मिटले. "मग आधीच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही वायर मागितलीत, मी वायरीचं सांगितलं. कशाला हवंय ते बोललात कुठे?"

पैशाचं विचारायची वेळ आली तेव्हा तिने त्याच्या नाकावरच्या चष्म्याकडे बोट दाखवलं. "शेवटचा नंबर कधी तपासला होता?"

"झाली असतील पाचसहा वर्षं."

"आमच्या दुकानात या. नंबर काढून घेऊ. काचा मी बसवते, फ्रेमही बघते."

तो जरा वेळ दोऱ्याची गाठ चाचपत राहिला. मग म्हणाला, "मेलेलं कार्डही इथेच ठेवून जा. पंखे कामाला येतील. फिटंफाट."

छोटं कार्ड पहिल्या फटक्यात बसलं. ठिगळं नाहीत, काळोख नाही. बंद पडून पडून बिघडलेला खेळ पुन्हा उतरवून घ्यायला तिच्या संथ इंटरनेटवर दोन दिवस लागले. कामावर जाताना ती मशीन चालूच ठेवून जायची, आणि संध्याकाळी आल्यावर कोणी घरात असल्यासारखा पंख्याचा आवाज यायचा. महिना मधल्यामध्ये संपून गेला होता.

रविवारी दुपारी तिने केस विंचरले. पडद्यात कोण बघणार होतं, पण विंचरले. हेडफोन लावला आणि नव्या खेळात शिरली. यादीत 'खार' हिरव्या अक्षरात होतं, म्हणजे लेक आत होती. तिने बटण दाबलं.

पाऊस पडत होता. खरंच खरा वाटत होता. दगडांवरून पाणी ओघळत होतं. आणि चहूबाजूंनी आवाज येत होते, एकावर एक.

"ए, दोर धर, दोर धर!"

"कोणी सांगितलं तुला उडी मारायला, माठ!"

"खार, डावीकडे बघ, डावीकडे!"

"थांबा रे सगळे! मी सांगेन तेव्हाच खेचायचं. एक, दोन..." हा खारूचा आवाज होता. काचताईला ओळखायला क्षणभर लागला. असा खणखणीत, हुकूम सोडणारा आवाज तिने लेकीच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पाच जणं मिळून दरीवर पूल ओढत होती आणि खारू त्यांची मुकादम होती.

"ए, हे कासव कोण आलंय?" कोणीतरी विचारलं.

सगळे आवाज थांबले. पाऊस तेवढा ऐकू येत राहिला.

"आई?" खारू म्हणाली. आणि मग इतरांना, "माझी आई आहे."

"नमस्कार, काकू," एक मुलगी म्हणाली. "नमस्कार," दुसरा एक आवाज. वर्गात मुख्याध्यापक शिरावेत तशी सगळी एकदम सरळ झाली. माठ म्हणणारा गप्प बसला. पूल पुन्हा ओढायला घेतला, पण आता "कृपया दोर धर" असं चाललं होतं.

काचताई त्यांच्यामागून चालत राहिली. तिच्या गरीब कार्डावर चित्र मध्येच अडखळायचं. मुलं पुढे जायची, थांबायची, मागे वळायची.

"आई, जमतंय ना?"

"जमतंय गं. तुम्ही व्हा पुढे. मी येते मागून."

"नक्की?"

"व्हा म्हटलं ना."

मुलं गेली. या खेळात माणूस लांब गेला की आवाजही लांब जायचा. टेकडीच्या पलीकडे पोचेपर्यंत त्यांची कुजबुज झाली, आणि मग एकदम हशा फुटला. त्यात खारूचं हसणं वेगळं कळत होतं. पोट धरून हसणं. काचताई पावसात उभी राहून ते ऐकत होती. लेकीला सवंगडी आहेत, ती त्यांच्यात पुढारी आहे, तिचं बरं चाललंय. 'तिथे तुझं बरं होईल' असं आपणच सांगितलं होतं, आणि झालं होतं. तिने हेडफोन काढला आणि बाहेर पडायचं बटण दाबलं.

थोड्या वेळाने फोन वाजला.

"आई, कुठे गेलीस तू? मी मागे वळून आले तर नव्हतीसच."

"तुमचं छान चाललं होतं. कशाला मध्ये मध्ये करा?"

खारू म्हणाली, "मला वाटलं होतं, तू येणारच नाहीस."

"का बरं?"

"कंटाळलीस असं वाटलं. मोजणी काय, सर्दी काय. दर वेळी काहीतरी."

काचताईने खुर्ची ओढली आणि बसली. "कंटाळले नव्हते, खारू. मशीन चालत नव्हतं. कार्ड बदलायचं होतं. एक आणलं ते बसेना, मग त्याला वीज पुरेना, मग ते बिघडलेलंच निघालं. आता कुठे चालू झालंय."

"मग सांगायचं ना मला!"

"सांगितलं असतं तर तुझे बाबा—"

"बाबांना नसतं सांगितलं मी. सांगू नको म्हणाली असतीस तर नसतं सांगितलं." तिचा आवाज चिरकला. "आणि नवीन चालत नव्हतं तर जुनं होतं ना, आई. महिनाभर होतं. मी येऊन बसायचे तिकडे. तू नाही म्हणालीस तरी यायचे. म्हटलं, सर्दी कमी झाली तर येशील. त्याच्या पुढच्या रविवारीही बसले होते. फोन नाही केला, कारण तू परत काहीतरी सांगितलं असतंस. आणि मग त्यांनी ते बंद केलं."

जुनं कार्ड रुमालात गुंडाळलेलं, हाताच्या अंतरावर, खणात होतं. परत बसवायला चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नसता. पोर बेटावर एकटी बसली होती आणि तिच्याकडेच जायला म्हणून आई इकडे लोखंड घासत होती.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "वेड लागलं होतं मला. तुला सांगायला हवं होतं."

"हवंच होतं."

"हो."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. फोन मात्र दोघींनीही ठेवला नाही.

"आता एक करायचं," खारू शेवटी म्हणाली. मघाचा मुकादमाचा आवाज थोडासा परत आला होता. "खोटं बोलायचं नाही. नाही जमत तर नाही जमत म्हणायचं. मीही म्हणेन. रविवारी दुपारी ही सगळी असतात, तेव्हा मला नाही सोडता यायचं. सकाळी मी एकटी असते. पण दर रविवारी नाही जमणार, आई. परीक्षा पण आहे."

"जमेल तेव्हा ये. मी असतेच."

"असतेच असं नको म्हणूस. तू पण जात जा कुठेतरी."

"बरं, बाई."

"जेवलीस का?"

"हो—" काचताई म्हणाली आणि थबकली. "नाही. सकाळपासून नाही जेवले."

"आई! संध्याकाळ होत आली!"

"भात केलाय. राहिला तसाच."

"मग वाढून घे. मी आहे फोनवर."

काचताईने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि पातेल्यातला गार भात ताटात घेतला. पलीकडून खारू पुलाची गोष्ट सांगू लागली, तो माठ दरीत कसा पडला आणि त्याला वर काढताना आणखी दोघं कशी पडली. काचताई एकेक घास घेत ऐकत होती. एकदा हसताना तिला ठसका लागला. "सावकाश गं," खारू म्हणाली.

अर्धं ताट झालं असेल, तोच मागून खारूला हाका आल्या. हेडफोनमधून येत असाव्यात, बारीक पण घाईच्या.

"आई, त्यांचा पूल पडला. जाऊ?"

"जा."

"खरं सांगतेस ना?"

काचताईने घास गिळला. "थांबलीस तर मला आवडेल," ती म्हणाली. "पण जा. पूल पडलाय."

"फोन करते," खारू म्हणाली, आणि गेली.

खोलीत मशीनचा पंखा फिरत होता. काचताई उठली, मशीन बंद केलं, आणि पुन्हा ताटावर येऊन बसली. बाहेर दिवे लागायला लागले होते. उरलेला भात तिने सावकाश संपवला.